इकडचं बिल, तिकडचं बिल: आरोग्य विम्याची थोडी जुनी गोष्ट

मुलगा न्यू जर्सीला, मुलगी लंडनजवळ आणि आई-वडील इथे, अशी घरं आता सोलापुरातही बरीच आहेत. नवी पेठेतल्या माझ्या दवाखान्यात तपासणी झाली, की जाता जाता विचारलं जातं, "डॉक्टर, दवाखान्याच्या खर्चाचं तिकडे बरं की आपल्याकडे?" एक जण सांगतात की तिकडे सगळं फुकट असतं. दुसरे सांगतात की तिकडे ॲम्ब्युलन्स बोलवायचीही भीती वाटते. दोघंही खरंच सांगत असतात, फक्त एकाचं 'तिकडे' इंग्लंड असतं आणि दुसऱ्याचं अमेरिका.

कुठल्या देशात किती बिल येतं हे रुपये-डॉलरच्या हिशोबानं समजत नाही. विमा तिथे कुणासाठी आणि कशासाठी सुरू झाला, हे पाहावं लागतं. म्हणून आज आजारांऐवजी थोडा इतिहास सांगतो. त्यात आपलं सोलापूरही येतं.

कामगारांसाठी सक्तीचा आजारपणाचा विमा पहिल्यांदा जर्मनीत आला, १८८३ साली, बिस्मार्कच्या काळात. कामगारानं दोन हिस्से भरायचे, मालकानं एक. हेतू केवळ दयेचा नव्हता, कामगार समाजवाद्यांकडे जाऊ नयेत हाही होता. ब्रिटननं १९११ साली तसाच कायदा केला. कामगारानं आठवड्याला चार पेनी भरायचे, मालकानं तीन आणि सरकारनं दोन. त्या बदल्यात यादीवरचा, म्हणजे 'पॅनेल'वरचा डॉक्टर मिळायचा. पण तो फक्त कामगाराला. त्याच्या बायको-मुलांना नाही, आणि हॉस्पिटलचा खर्चही बहुतेक नाहीच.

ही उणीव वेल्समधल्या ट्रेडेगार या खाणींच्या गावात लोकांनी आपापली भरून काढली होती. पगारातून ठरावीक पैसे कापून घ्यायचे आणि त्यातून गावासाठी डॉक्टर, नर्स, हॉस्पिटल चालवायचं. त्या गावचा एक खाणकामगार, अन्युरिन बेव्हन, पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला. ५ जुलै १९४८ रोजी त्यानं राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एन. एच. एस., सुरू केली. नोकरी असो वा नसो, त्या देशात राहणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर आणि हॉस्पिटल, आणि पैसा करातून. कवळी आणि चष्म्याला पैसे लावायचं ठरलं तेव्हा, १९५१ मध्ये, बेव्हननं राजीनामा दिला. इतका तो त्या तत्त्वाला चिकटून होता.

त्याच १९४८ मध्ये, तीन महिने आधी, आपल्याकडेही एक कायदा झाला. कर्मचारी राज्य विमा कायदा, ज्याला आपण ई.एस.आय. म्हणतो. सोलापूरकरांसाठी 'विम्याचा दवाखाना'.

खरं तर आपल्यासमोर मोठा नकाशा होता. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीनं १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, अशी ती मांडणी होती, आणि तीही खेड्यापासून वर. पण तेवढा पैसा आणि तेवढे डॉक्टर नव्या देशाकडे नव्हते. मग जिथे पगारातून वर्गणी कापता येते तिथून सुरुवात झाली, म्हणजे कारखान्यातून. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि पुढे गावोगावच्या औद्योगिक भागांत पोचली. कामगाराला दवाखाना, औषधं, हॉस्पिटल, आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग. बाह्यरुग्ण तपासणीसुद्धा त्यात होती, हे लक्षात ठेवा. त्याकडे परत येतो.

आता हा कायदा सोलापुरावर ठेवून पाहा. मूळ कायद्याची अट अशी होती: विजेवर चालणारा कारखाना आणि २० किंवा जास्त कामगार. हंगामी कारखाने वगळलेले. म्हणजे जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी इथला गिरणी कामगार आत. पण पूर्वभागात घरातच चार-सहा माग चालवणारा विणकर बाहेर. साखर कारखान्यातला कामगार बाहेर, कारण साखर हा हंगामी उद्योग. आणि घरी बसून पानं कातरून विडी वळणारी बाई तर अगदीच बाहेर. तिच्याकडे ना वीज, ना कारखाना. गावाच्या निम्म्या घामाला कायद्यानं कामगार म्हणून ओळखलंच नाही, असं मला वाटतं. विडी कामगारांसाठी १९७६ साली वेगळा कल्याण निधी झाला. विडीवरच्या उपकरातून त्यांचे दवाखाने चालत. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर रद्द झाला.

जे आत होते त्यांचीही एक अडचण होती. विमा नोकरीला बांधलेला. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल मालकांनी बंद केली, तेव्हा सरकारला जानेवारी १९५० मध्ये अध्यादेश काढून ती चालवायला घ्यावी लागली आणि ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही ते खटले शिकवतात. त्या वेळी ई.एस.आय. इथे पोचलेलीही नव्हती, पण गिरणी म्हणजे कायमची भाकरी नव्हे, एवढं दिसलं होतं. पुढे एकेक गिरणी खरोखरच बंद झाली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. पन्नाशीतला माणूस, बीपी आणि दमा नुकता सुरू झालेला, आणि नेमकं त्याच वेळी विम्याचं कार्डही निरुपयोगी.

(जाता जाता: किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ई.एस.आय.चे उपचार चालू ठेवण्याची सोय आहे. आपल्या घरात कुणी असेल तर स्थानिक कार्यालयात सध्याचे नियम विचारून घ्या. ही सोय माहीत नसलेले लोक मला सतत भेटतात.)

अमेरिकेत हीच अडचण देशभर आहे, आणि तिचं कारण काहीसं योगायोगाचं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तिथल्या सरकारनं पगारवाढीवर मर्यादा घातली. कामगार तर हवेत, पगार वाढवता येत नाही; मग मालकांनी विमा द्यायला सुरुवात केली, कारण विम्यावर बंदी नव्हती. १९५४ साली त्या विम्यावर कर लागणार नाही हेही पक्कं झालं. तेव्हापासून तिथला विमा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. म्हाताऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी सरकारी विमा १९६५ मध्ये आला, पण मधल्या वयाचे लोक मालकावरच राहिले. तुमचा मुलगा नोकरी बदलताना आधी विम्याचं विचारतो, ते यामुळे.

अमेरिकेकडून आपण आणखी एक गोष्ट घेतली, ती मला डॉक्टर म्हणून जास्त खटकते. १९२९ साली डॅलसमधल्या बेलर हॉस्पिटलनं शाळामास्तरांसाठी योजना काढली: महिन्याला अर्धा डॉलर भरा, वर्षाला २१ दिवस ॲडमिट राहता येईल. त्यातूनच 'ब्लू क्रॉस'चा विमा वाढला. योजना हॉस्पिटलची, म्हणून विमाही ॲडमिट झाल्यावरचाच. आपल्याकडे १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, त्याचाही साचा तोच. साधारण २४ तास ॲडमिट झालात तर पैसे. रोजची गोळी, दर तीन महिन्यांची शुगर, डॉक्टरांची फी, हे तुमचं तुम्ही.

परिणाम काय होतो? बीपीची गोळी दिवसाला काही रुपयांची. ती विम्यात नाही, म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणत लोक बंद करतात. लकवा झाला, की आय.सी.यू.चं लाखाचं बिल मात्र विम्यात बसतं. एन. एच. एस.ची आणि आपल्या जुन्या ई.एस.आय.ची खरी ताकद इथे होती. साध्या तपासणीसाठी खिसा बघावा लागत नव्हता. एन. एच. एस.ला लगेच देवघरात बसवू नका. ठरवून करायच्या उपचारांसाठी नुसत्या इंग्लंडमध्ये प्रतीक्षायादीवरचा आकडा ७० लाखांच्या वर गेलेला आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इथे येणारे अनिवासी सोलापूरकर मी पाहिलेत.

सोलापूरला नवा अध्याय २ जुलै २०१२ रोजी सुरू झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यात आधी आठ जिल्ह्यांत आली, त्यांत आपला जिल्हा होता. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. पहिल्यांदाच माग आणि विडीच्या घरातल्या माणसाला 'तू कुठे नोकरीला आहेस' असं कुणी विचारलं नाही. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. पुढे ती आयुष्मान भारतशी जोडली गेली, मर्यादा पाच लाख झाली आणि आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ती खुली आहे. ७० वर्षांवरच्यांना तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अटच नाही. पण साचा पुन्हा तोच: यादीतले उपचार, यादीतलं हॉस्पिटल, ॲडमिट झाल्यावर. गोळ्यांसाठी मनपाचा दवाखाना, सिव्हिल किंवा जनऔषधी दुकान, ही वाट तुम्हालाच धरायची आहे. देशात आरोग्यावर होणाऱ्या दर १०० रुपयांपैकी २०१३-१४ मध्ये ६४ रुपये लोकांच्या खिशातून जात. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. घट मोठी आहे, तरी ३९ कमी नाहीत.

मग आपल्याकडे बिल तिकडच्या मानानं कमी का? विम्यापेक्षा किमतींमुळे. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नाकारली, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवलं. २००५ पर्यंत ते टिकलं, आणि तेवढ्यात आपल्या कंपन्या स्वस्त औषधं बनवण्यात तरबेज झाल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं हृदयाच्या स्टेंटला कमाल किंमत ठरवली, औषधवाल्या स्टेंटला सुमारे २९,६०० रुपये.

परदेशी मुलांकडे निघालेल्या आई-बाबांसाठी आता कामाचं. इथला मेडिक्लेम साधारणपणे तिकडे चालत नाही, प्रवास विमा वेगळा घ्या. त्यात जुन्या आजारांचं कलम नीट वाचा; बीपी, शुगर लपवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी हात वर करते. इंग्लंडमध्ये पाहुणा म्हणून गेलात तर अपघात विभागातले उपचार फुकट, पण वॉर्डात भरती झालात की बिल लागतं, तेही दीडपट दरानं. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार हॉस्पिटलला तातडीच्या पेशंटला स्थिर करावंच लागतं, पण बिल नंतर घरी येतं. मुलांनी आई-वडिलांसाठी इथली पॉलिसी साठीच्या आत काढून ठेवलेली बरी, कारण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जी.एस.टी. सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढाच हातभार.

आणि निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून सगळ्या गोळ्यांची यादी ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावानं लिहून घ्या. आपल्याकडची ब्रँडची नावं तिकडे ओळखत नाहीत. साध्या पॅरासिटामॉललासुद्धा अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात.