अंबरमध्ये अडकलेल्या मुंग्या काय सांगतात?

झाडाच्या खोडातून राळ गळते, तिच्यात एखादा किडा चिकटतो आणि वरून आणखी राळ येते. हीच राळ जमिनीखाली गाडली जाऊन लाखो वर्षांत कडक झाली की तिला अंबर म्हणतात. आतल्या किड्याचे केस, डोळे, सांधे जागच्या जागी दिसतात.

मुंग्या गांधीलमाश्यांच्या गोतावळ्यातून आल्या हा अंदाज जुना आहे, पण मधला दुवा हातात नव्हता. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एका जोडप्याला सुमारे ९ कोटी वर्षं जुना अंबरचा तुकडा सापडला. त्यात दोन कामकरी मुंग्या होत्या. कीटकशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांच्या हातून तो पडून त्याचे दोन तुकडे झाले! नशिबाने प्रत्येकात एक मुंगी शाबूत राहिली. १९६७ मध्ये तिचं नाव ठरलं स्फेकोमिर्मा, म्हणजे 'गांधील-मुंगी'. कंबर मुंगीची, जंतुनाशक द्रव सोडणारी मेटाप्लुरल ग्रंथीही मुंगीचीच, जबडे मात्र गांधीलमाशीसारखे आखूड आणि दोनच दातांचे. आमच्या भाषेत सांगायचं तर अर्धवट झालेलं मायग्रेशन.

माझ्या आवडीच्या मात्र 'हेल अँट्स'. म्यानमारच्या काचिन भागातल्या अंबरमध्ये त्या सापडतात, वय सुमारे ९.९ कोटी वर्षं. आजच्या मुंग्यांचे जबडे डावी-उजवीकडून मिटतात, यांचे विळ्यासारखे जबडे खालून वर जायचे. काहींच्या डोक्यावर शिंगही होतं. ते कशासाठी? २०२० मध्ये वर्णन झालेल्या एका तुकड्यात अशी मुंगी झुरळाच्या नात्यातल्या पिल्लाला जबडा आणि शिंग यांच्या चिमट्यात धरलेली दिसते. शिकार करतानाच दोघं राळेत अडकली.

२०२५ मध्ये ब्राझीलमधून ११.३ कोटी वर्षं जुनी हेल अँट जाहीर झाली. ती अंबरमध्ये नाही, चुनखडीत आहे. दगड न फोडता मायक्रो-सीटी स्कॅनने तिचा थ्रीडी आकार बघता आला. सगळ्यात जुनी मुंगीच इतकी खास अवयवांची निघाली, म्हणजे मुंग्यांची सुरुवात आणखी मागे गेली. हेल अँट्सचं घराणं मात्र संपलं, आज त्यांचा एकही वंशज नाही.

एक गोष्ट मला खटकते. काचिनमधल्या अंबरचा व्यापार तिथल्या सशस्त्र संघर्षाशी जोडलेला आहे. त्यामुळे ऑनलाइन 'बर्मीज अंबर' स्वस्तात दिसलं तरी मी घेणार नाही.