वरच्याचे पाणी, खालच्याचे शेत

मुळशीच्या पाण्याचा इतिहास म्हटला की १९२१चा सत्याग्रह आठवतो. टाटा कंपनीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि अखेर मुळेचे पाणी बोगद्याने सह्याद्रीपार, कोकणातील भिऱ्याला नेण्यात आले. या लढ्याची नोंद इतिहासाने घेतली. परंतु याच तालुक्यात पाण्याचा दुसराही एक इतिहास आहे. तो बांधाबांधावर घडला. तेथे प्रश्न पाणी अडविण्याचा नव्हता, वाहू देण्याचा होता.

घाटमाथ्याच्या उतारावर भाताची खाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक उतरतात. वरच्या खाचरात मावेनासे झालेले पाणी खालच्यात उतरते. खालच्याने बांध अवाजवी उंच केला तर वरच्याचे पीक कुजते. वरच्याने पाणी एकदम सोडले तर खालच्याची माती वाहून जाते. म्हणून दोघांनाही मर्यादा हवी.

हा प्रश्न फार जुना आहे. रोमच्या बारा फलकांतील कायद्यातही, म्हणजे इ. स. पूर्व पाचव्या शतकात, पावसाच्या पाण्याविषयी तरतूद होती. ५३३ साली सम्राट जस्टिनियनने प्रसिद्ध केलेल्या न्यायसंग्रहात या विषयाला स्वतंत्र प्रकरण आहे. उतारावरून स्वभावतः येणारे पाणी खालच्या जमिनीने स्वीकारावे. मात्र वरच्याने बांधकाम करून त्याचा जोर वाढवू नये, असे त्याचे सार. आपल्याकडे १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने वरच्या जमीनमालकाचा हा हक्क मान्य केला. १८९१ साली तो कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला.

पण दिवाणी दाव्यांचा खर्च व विलंब मावळच्या शेतकऱ्याला कोठून परवडणार? १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याने त्याला जवळचा मार्ग दिला. शेती, चराई, झाडे वा पिके यांच्या जमिनीवरून शेजारच्या जमिनीत वाहणाऱ्या पाण्याला कोणी बेकायदा अडथळा केला आणि त्यामुळे नुकसान झाले किंवा होण्याचा संभव असला, तर मामलेदार तो दूर करवू शकतो. दावा मात्र सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. मामलेदाराचा तहसीलदार झाला, तरी हा कायदा आजही चालू आहे.

त्याची मर्यादाही त्याच्याच शब्दांत आहे. तो शेतजमिनीसाठी घडला. खाचराचे भूखंड झाले, भराव टाकून अंगण उंचावले, भोवती कुंपणभिंत आली, की हा जवळचा दरवाजा बंद होतो आणि उरतो तो दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता. २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजलसंधारण सक्तीचे केले, हे चांगलेच झाले. तथापि त्या नियमाची दृष्टी मुख्यतः कुंपणाच्या आत आहे. २०२५च्या जूनमध्ये हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा बुजलेल्या ओढ्यानाल्यांची आठवण साऱ्यांनाच झाली. ते ओढे कुंपणाबाहेर, कोणाचेच नसलेल्या जागेत बुजले होते.

माझा शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले होते. मुळशीच्या उतारावर त्याचे एक साधे उत्तर दर पावसाळ्यात मिळते : ज्याच्या दारी माझ्या अंगणातले पाणी जाते, तो.