वाटेत भेटलेला पांडुरंग



मारेगावच्या सप्ताहातली गोष्ट आहे. काल्याच्या आदल्या रात्रीचं कीर्तन झालं, आरती झाली, बुक्का लागला, माणसं आपापल्या घरी पांगली. एक म्हातारे कास्तकार मात्र मांडवाच्या खांबाला टेकून बसूनच राहिले. मी जवळ गेलो. म्हटलं, "बाबा, घरी नाही जायचं?" ते म्हणाले, "जातो ना महाराज. पण एक सांगा. पाऊस आपल्या हाती नाही, कापसाचा भाव आपल्या हाती नाही, अन् ब्यांकेचं व्याज तं नाहीच नाही. मंग माणसानं आशा ठेवावी तरी कशावर?"

मायबाप, मी साधा कीर्तनकार. त्या रात्री माझ्यापाशी उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात जे सुचलं ते मांडलं, आणि तेच आज छापून तुमच्या हातात आलं आहे. वाचताना तुम्हीही त्या मांडवात बसला आहात असं समजा. मी पुराण सांगणार नाही. आपल्याच जिल्ह्याच्या मातीवरून गेलेला इतिहास सांगणार आहे.

आधी एक विचारतो. तुम्ही वारी केली असेल, निदान पाहिली तरी असेलच. वारीत अनोळखी माणसाला काय म्हणून हाक मारतात? "माउली!" पाणी देणारा माउली, वाट विचारणारा माउली, गर्दीत आपल्या पायावर पाय देणाराही माउलीच. वयानं मोठा असो की लहान, जात कोणतीही असो, तो वाकून तुमच्या पायाला हात लावतो आणि तुम्ही त्याच्या. नाव विचारायच्या आधी नमस्कार! आपल्या संतांनी ही केवढी मोठी सवय लावून ठेवली आहे बघा. जगाची रीत अशी की ओळख झाली म्हणजे प्रेम करायचं. वारीत आधी प्रेम करायचं, ओळख झाली तर झाली.

पण पंढरपूरहून घरी आलो की ती माउली कुठं जाते? यष्टी स्टँडवर शेजारी बसलेला माणूस माउली राहत नाही. तो परका होतो. इथंच आपलं चुकतं.

आता इतिहास ऐका. साल 1951, महिना मार्च. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा महाराष्ट्रात नव्हता, मध्य प्रदेश राज्यात होता. खाली पैनगंगेपलीकडे हैदराबाद राज्य. तिथं तेलंगणात जमिनीवरून रक्त सांडलं होतं. जमीनदार एकीकडे, भूमिहीन एकीकडे. दिवसा पोलिसांचं भय, रात्री बंदूकवाल्यांचं. शेजारी शेजाऱ्याकडं संशयानं पाहायचा.

अशा वेळी हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदयाचं संमेलन भरणार होतं. विनोबा भाव्यांना बोलावणं आलं. विनोबा तेव्हा 55 वर्षांचे, प्रकृती तोळामासा. पवनारच्या आश्रमात पैशाशिवाय जगण्याचा त्यांचा प्रयोग चालू होता. आधी ते जायला तयार नव्हते. शंकरराव देवांनी फार आग्रह केला, तेव्हा येतो म्हणाले. पण येणार कसे? पायी! 8 मार्चला सेवाग्रामहून निघाले. 300 मैलांच्या आसपासची वाट, महिन्याभराची चाल.

आणि ती वाट कुठून गेली? आपल्या दारावरून गेली हो. राळेगाव, रुंझा, पांढरकवडा, पाटणबोरी आणि मग आदिलाबाद. मारेगावहून करंजीला जा, तिथून पांढरकवड्याच्या रस्त्याला लागा, की तुम्ही त्याच मुलखात आलात. मार्चमध्ये आपल्याकडं काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कापूस वेचून झालेला, वावरात उभ्या पऱ्हाट्या, पळस पेटल्यासारखा फुललेला, ऊन तापायला लागलेलं. त्या उन्हात हा कृश माणूस रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा. मुक्कामाला कोण भेटेल हे ठाऊक नाही. संध्याकाळी प्रार्थना, चार शब्द, गावाची विचारपूस. पहाटे पुन्हा वाट.

तुम्ही म्हणाल, रेल्वेनं गेले असते तर किती लवकर पोचले असते! खरं आहे. पण वाटेत कोणी भेटलं नसतं. रेल्वेत गाव खिडकीतून दिसतं. पायी चालणाऱ्याला गाव पाणी विचारतं.

संमेलन झालं. तरी विनोबा घरी परतले नाहीत. जिथं भय आहे तिथंच जायचं ठरवलं. 15 एप्रिल, रामनवमीचा दिवस. हैदराबादच्या तुरुंगात जाऊन ते कम्युनिस्ट कैद्यांना भेटले. पटत नव्हतं तरी भेटले, बरं का! मग नलगोंडा जिल्ह्यात शिरले. 18 एप्रिलला पोचमपल्ली नावाच्या गावी आले. तिथल्या दलित वस्तीत गेले, विचारपूस केली. माणसं म्हणाली, आम्हाला जमीन पाहिजे. 40 घरं होती. किती पाहिजे? 80 एकर. 40 कोरडवाहू, 40 ओलिताची.

विनोबांच्या झोळीत जमीन होती का? चिमूटभर नव्हती. सरकारकडं अर्ज करू म्हणाले. आणि सहज, अगदी सहज, तिथं जमलेल्या गावकऱ्यांना विचारलं की सरकारचं जमेल तेव्हा जमेल, गावातल्या कोणाला काही करता येईल का?

एक माणूस उठला. वेदिरे रामचंद्र रेड्डी. जमीनवाल्या घरातला. मागितली 80 एकर, त्यानं देऊ केली 100 एकर. आदल्या दिवशीपर्यंत विनोबांना हा माणूस ठाऊक नव्हता. त्या रात्री विनोबांना धड झोप लागली नाही. हा देवाचाच इशारा आहे असं त्यांना वाटलं. पुढं 13 वर्षं ते देशभर पायी फिरत राहिले आणि 40 लाख एकरांच्या वर जमीन दानात आली. त्या गावाला लोक आजही भूदान पोचमपल्ली म्हणतात.

आता खरं तेही सांगितलं पाहिजे. कीर्तनात उभं राहून अर्धंच सांगू नये. त्या दानातली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ कागदावरच राहिली, काही कोर्टकचेऱ्यांत अडकली. भूदानानं गरिबी संपली नाही. मग मी हे सांगतो कशाला? यासाठी, की त्या दिवशी त्या गावात भयाला एक भोक पडलं. 40 घरांना कळलं की समोरचा वैरीच असतो असं नाही. आणि हे घडायला काय लागलं? चालत आलेला एक परका, आपुलकीचा एक प्रश्न, आणि उठून उभा राहिलेला एक माणूस.

असंच आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा. 1905 साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात मडकं आणि खराटा. अनोळखी गावात शिरायचं, आधी रस्ता झाडायचा, मग भाकरी मागायची. पंढरपूरला परक्यांसाठी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः झोपडीत राहिले. ज्याला गावात कोणी उभं करत नाही त्याला पाठ टेकायला जागा पाहिजे, एवढाच त्यांचा वेदान्त.

मायबाप, आता मन घट्ट करा. याच वाटेची उलटी गोष्ट सांगायची आहे. पुन्हा मार्चच महिना, साल 1986. आपल्याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण. साहेबराव करपे नावाचा शेतकरी, भजनाची आवड असलेला. नापिकी आणि कर्जानं गांजलेला. बायको आणि चार लेकरं घेऊन तो पवनारजवळच्या दत्तपूरला आला आणि 19 मार्चला त्या सगळ्यांनी जग सोडलं. विनोबा जिथून आशा घेऊन निघाले, त्याच परिसरात हे कुटुंब आशा संपवून आलं. दरवर्षी 19 मार्चला आजही कित्येक जण त्यांच्यासाठी उपवास धरतात.

त्याचा दोष वाटेत भेटलेल्या कोणाला देऊ नका. कोणाला काय ठाऊक होतं? तो दोष भावाचा, कर्जाचा, पाण्याचा, धोरणाचा. एका गोड शब्दानं सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही. रामराम घातल्यानं बोंडअळी मरत नाही. हे मला कळतं, आणि जो कीर्तनकार दुसरं काही सांगेल त्याचं ऐकू नका. कर्जमाफीसाठी भांडायचं तर भांडा, भावासाठी भांडा.

पण भांडायला माणूस जिवंत पाहिजे ना बाप्पा! बुडणाऱ्या माणसाला आधी श्वास लागतो, होडी मागून येते. शेजारच्या बाकावरच्या परक्यानं विचारलेलं "कुठं चालले भाऊ? चहा घेता का?" हा तो श्वास आहे. त्यानं कर्ज फिटत नाही, पण आजची रात्र निघते. उद्या उजाडला की नातेवाईक आहेत, सोसायटी आहे, मोर्चा आहे, वाट आहे.

म्हणून तुम्हाला थोडंच सांगतो. यष्टीत, बाजारात, जिनिंगच्या गाड्यांच्या रांगेत, दवाखान्याच्या ओसरीवर जो एकटा मान खाली घालून बसला असेल, त्याला वारीतला समजा. माउली म्हणायचा संकोच वाटत असेल तर भाऊ म्हणा, बाई म्हणा, माय म्हणा. पाणी विचारा, ऐकून घ्या. उपदेश करू नका, तो माझा धंदा आहे! आणि तुमचंच मन खचलं असेल तर परक्याशी बोलायची लाज धरू नका. सरकारचा 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री लावा. तिकडून बोलणारा माणूस अनोळखीच असतो, पण ऐकायलाच बसलेला असतो. त्यालाही माउलीच समजा.

ज्या वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूरला रुक्मिणीमातेचं माहेर, तीच नदी आपल्या मारेगाव तालुक्याच्या कडेनं खाली जाते. काठावरच्या कोणाला ती नाव-गाव विचारत नाही, ओंजळ भरते आणि पुढं जाते.

काल्याच्या दिवशी ते म्हातारे बाबा पुढंच बसले होते. काला वाटताना त्यांच्या शेजारी कुठल्याशा पाहुण्या गावचा एक तरुण पोरगा होता. बाबांनी आपल्या द्रोणातला घास उचलून आधी त्याच्या तोंडात घातला. पोरगा हसला, त्यानं बाबांना भरवला. एकमेकांचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. मला वाटतं, बाबांना त्यांचं उत्तर मिळालं होतं, आणि मलाही.

पुंडलिकवरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!