फडक्यांचं दप्तर, वळसंगची विहीर

3 जानेवारी 1931 ला सोलापुरात यशवंत दिनकर फडके जन्मले. नऊ दिवसांनी, 12 जानेवारीला, येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फासावर चढवलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात शहरावर मार्शल लॉ लागला होता. आता मी पडलो कवी. मला लिहावंसं वाटतं की पाळण्यातल्या पोराच्या कानात फासाचा दोर करकरला, आणि म्हणून तो इतिहासकार झाला. पण हे वाक्य फडक्यांच्या टेबलावर गेलं असतं तर त्यावर लाल रेघ पडली असती. पुरावा कुठाय? नाही ना? मग खोडा.

दोस्तहो, या माणसावर लिहायला एक कारण घडलं. सूतगिरणीत रातपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचं 'आंबेडकरी चळवळ' वाचत होतो. आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, "काय बे, बामणाचं पुस्तक वाचतोस? आपला इतिहास त्यांच्याकडून शिकायचा का?" प्रश्न खोटा नाही. हजारो वर्षं ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी आपल्याला कसं लिहिलं ते आपण भोगलंय. तरी मी पुस्तक मिटलं नाही. का मिटलं नाही, ते सांगतो.

फडके शिकले-शिकवले ते राज्यशास्त्र. शेवटी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत प्राध्यापक. पुरस्कार मिळाले, मान मिळाला, 2000 साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. 11 जानेवारी 2008 ला वारले. 1989 पासून 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र'चे खंड काढत गेले, एकूण आठ. एका माणसानं. एवढं सूत कातायला आमच्याकडं किती साचे लागतील ते साच्यावर उभं राहिलेल्यालाच कळेल. ते राहू द्या. खंड, पुरस्कार, संमेलन, ही प्रस्थापितांची मापं झाली. आपलं माप वेगळं पाहिजे.

आपलं माप म्हणजे दिनकरराव जवळकर. 1925 साली जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' नावाचं पुस्तक लिहिलं. टिळक-चिपळूणकरांवर असे कोरडे ओढले की पुण्यातल्या पेठा हादरल्या. खटला झाला. खालच्या कोर्टानं जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या साथीदारांना शिक्षा ठोठावल्या. अपिलात वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि 1926 साली त्यांनी सगळ्यांना सोडवून आणलं. पुढं जवळकर लवकर गेले आणि त्यांचं लिखाण पांगलं. बामणांना चाबकानं फोडणारं लिखाण कोण जपणार? ते गोळा करून 'समग्र वाङ्मय' म्हणून संपादित केलं य. दि. फडक्यांनी. एका शब्दाला बोळा लावला नाही. जेध्यांचं चरित्रही त्यांनीच लिहिलं, 1982 साली. आपल्याच जातीला शिव्या देणारं पुस्तक प्रूफं तपासून छापायला कसलं काळीज लागतं, ते मला नीट सांगता येत नाही. प्रेमाचं नसेल. शिस्तीचं असेल. कागद जसा आहे तसा लोकांपुढं ठेवायचा, आपल्याला आवडो न आवडो.

'शाहू छत्रपती आणि लोकमान्य' हे त्यांचं पुस्तकही तसलंच. पंचगंगेच्या घाटावर भटजी राजासाठी वेदोक्त मंत्र म्हणेना, आणि टिळकांचा 'केसरी' राजाच्या बाजूनं उभा राहिला नाही. ही गोष्ट आपण सभेत दोन वाक्यांत सांगतो आणि टाळ्या घेतो. फडके पत्रं, वर्तमानपत्रं, सरकारी कागद एकापुढं एक मांडत जातात. वाचताना कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. पण समोरच्यानं "कशावरून?" विचारलं की टाळ्या उपयोगाला येत नाहीत, तेव्हा हा कंटाळाच हाताला लागतो.

ही गोष्ट 1997 नंतर सगळ्यांनाच कळली. त्या साली अरुण शौरींचं बाबासाहेबांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. बाबासाहेब इंग्रजांच्या बाजूचे होते, घटना त्यांनी लिहिलीच नाही, असा त्याचा सूर. जाड पुस्तक, पानोपानी उतारे. आपण संतापलो, रस्त्यावर आलो. ते बरोबरच होतं. पण उताऱ्याला उताऱ्यानं उत्तर द्यायला कुणीतरी दप्तरात बसावं लागतं. फडके बसले. 1999 साली त्यांचं पुस्तक आलं, नाव 'डॉ. आंबेडकरांचे मारेकरी अरुण शौरी'. एरवी मोजून-मापून लिहिणारा म्हातारा, पण नाव बघा कसलं ठेवलंय.

महात्मा फुल्यांचंही तसंच. जोतिबा 1890 ला गेले. त्यांचं समग्र वाङ्मय निघालं 1969 ला, धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली. म्हणजे 79 वर्षं महाराष्ट्राला सवड झाली नाही. पुढं 1991 ची सुधारून वाढवलेली आवृत्ती फडक्यांनी केली. आज आपण जयंतीला जे वाचतो त्यात त्या हाताची मेहनत आहे.

एवढं मानून आता माझी तक्रार मांडतो. फडक्यांचा महाराष्ट्र पुढाऱ्यांचा आहे, पक्षांचा, परिषदांचा, निवडणुकांचा. ज्याची पत्रं उरली तो माणूस त्यात येतो. ज्याला लिहायलाच येत नव्हतं, त्यानं काय करायचं? पोलिसाची डायरी आणि कलेक्टरचा रिपोर्ट यांत आपला बाप येतो तो आरोपी म्हणून, नाहीतर आकडा म्हणून. दप्तरावरच विसंबलं तर दप्तर ठेवणाऱ्याचे डोळेही आपसूक येतात. यात फडक्यांची लबाडी नाही. त्यांच्या वाटेची ती हद्द आहे.

आमच्या वळसंगचंच घ्या. गावच्या पाणवठ्यावर अस्पृश्यांना बंदी, म्हणून आपल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी विहीर खोदली. 24 एप्रिल 1937 ला बाबासाहेब वळसंगला आले आणि ती विहीर खुली केली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबई इलाख्यात सतरा उमेदवार उभे केले होते. निवडणूक कुठल्याही इतिहासात सापडेल. पण विहीर खोदताना दगड कुणी फोडला, माती कुणी उपसली, बायकांनी पाट्या किती दिवस वाहिल्या, हे कुठल्या फाइलीत आहे?

वस्तीत विचारलं तर दर घरात वेगळं ऐकायला मिळतं. बाबासाहेबांना पाणी कुणी शेंदून दिलं, यावर तीन घरं हक्क सांगतात. तिघंही शपथ घेतात. 1937 ला दहा वर्षांचं असलेलं पोर आज शंभरीला टेकलं असतं. म्हणजे आता आपल्याकडं आहे ते ऐकीव, बापानं लेकाला सांगितलेलं. फडके याला साधन म्हणाले नसते. मी म्हणतो. पण तिघांचं तीन तऱ्हेचं, नावानिशी, तारखेनिशी लिहून ठेवलं तर. सभेत आपल्याला सोयीचं तेवढं उचललं तर तो भाटांचा धंदा झाला.

आपल्यातही ही कामं करणारे झालेत. चांगदेव खैरमोड्यांनी बाबासाहेब हयात असतानाच, 1952 साली, त्यांच्या चरित्राचा पहिला खंड काढला. वसंत मून यांनी सरकारी नोकरी करत कागद जमवले आणि 1979 पासून बाबासाहेबांच्या लिखाणा-भाषणांचे खंड उभे राहिले. मून फडक्यांच्याच पिढीतले, नागपूरच्या वस्तीतून वर आलेले. त्यांना कागद नुसता वाचायचा नव्हता, आधी तो उंदरा-वाळवीच्या तोंडून काढायचा होता. फडक्यांना तयार दप्तर मिळालं. मुनांना ते आधी उभं करावं लागलं.

म्हणून विद्यापीठातल्यांनी वळसंगला यावं याची वाट बघू नका. 1937 च्या एप्रिल-मे महिन्यातले 'जनता'चे अंक कुठल्या वाचनालयात शाबूत आहेत ते एकानं शोधावं. तारखेचा, सभेचा पत्ता तिथं लागला तर लागेल. दुसऱ्यानं विहिरीच्या आसपासच्या प्रत्येक घरात वही घेऊन बसावं आणि मुख्य म्हणजे म्हाताऱ्या बायकांना विचारावं. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.

वस्तीतल्या एका घरात माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे. आज्यानं सभांची पत्रकं आणि वर्गणीच्या पावत्या त्यात ठेवल्यात असं नातू म्हणतो. ट्रंकेला कुलूप आहे, किल्ली हरवलीय. येत्या रविवारी मला पहिली पाळी आहे, चारला सुटतो. ज्याला यायचं त्यानं पकड घेऊन यावं.