चारी पाय वर केलेला बैल

यॉर्कशायरचे रिचर्ड आणि चेरी किअर्टन हे दोघे भाऊ १९००च्या सुमारास बैलाच्या पोटात बसून पक्ष्यांचे फोटो काढत. बैल अर्थातच मेलेला. कातडं सांगाड्यावर चढवून आतून पोकळ ठेवलेला. एकदा आत अवघडून उभ्या असलेल्या रिचर्डला भोवळ आली आणि तो बैलासकट उलथला. चेरी येऊन पाहतो तर बैलाचे चारी पाय आभाळाकडे. त्याने आधी फोटो काढला, मग भावाला बाहेर काढलं.

वन्यजीव छायाचित्रणाचा इतिहास मी याच फोटोपासून सांगेन. त्याच काळातले दुसरे फोटो आठवा: ओळीने मांडलेले वाघ, मागे बंदुका घेतलेले साहेब आणि संस्थानिक. ते फोटो कधी फसत नसत, कारण मेलेला वाघ हलत नाही. फोटो फसायला प्राणी जिवंत आणि आपल्या मर्जीचा मालक असावा लागतो.

बंदूक सोडून कॅमेरा धरणाऱ्यांना हे लवकर कळलं. अमेरिकेत जॉर्ज शिरास मूळचा शिकारी. त्याने वाटेवर तार ताणली. प्राण्याचा धक्का लागला की उजेडाचा भडका उडे आणि फोटो निघे. १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्याचे ७४ फोटो छापले. आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी हीच युक्ती वाघांसाठी वापरली. त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ १९२७चं. पण तारेला पाय कुणाचा लागावा, हे तार लावणाऱ्याच्या हातात नव्हतं. वाघासाठी मांडलेली काच भलताच कुणी येऊन खर्ची घालू शके, आणि दारू एकदा उडाली की पुन्हा मांडेपर्यंत वाघ आला काय नि गेला काय! इथे फजिती व्हायची ती माणसाची.

२०१५पासून विनोदी वन्यजीव छायाचित्रांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. फोटो झकास असतात, मीही हसतो. पण विनोदाची दिशा बदलली आहे. जांभई देणारा प्राणी आपल्याला खदखदून हसताना दिसतो, फांदीवरून घसरणारा दारुडा वाटतो. आपली वाक्यं आपण त्याच्या तोंडी घालतो. फजिती आता त्याची, आणि आपण प्रेक्षक.

म्हणून मला कॅमेरा ट्रॅपचे फोटो जास्त आवडतात. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. फोटो निघाले ३,४८,५८,६२३. त्यांत वाघाचे ७६,६५१. बाकी सगळी जंगलातली इतर मंडळी. वाघासाठी सजवलेल्या मांडवात वऱ्हाडच जास्त!

आणि वाघ आला तरी पोझ देत नाही. कधी चौकटीत नुसती कूस, तोंडाचा पत्ता नाही. भिंतीवर लावायला हा फोटो कुचकामी. मोजणाऱ्याला मात्र तेवढं पुरतं: प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, डाव्या कुशीचे उजव्या कुशीशीही जुळत नाहीत, म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात. तोंड न दाखवता निघून गेलेला वाघ अशा वेळी एक वाघ म्हणून वहीत मांडला जातो. ओळीने मांडलेल्या त्या जुन्या वाघांचे चेहरे फोटोत अगदी स्वच्छ आले होते.