बालाघाटातील धुळाक्षरे

सागवानी फळीवर विटेची वस्त्रगाळ भुकटी पसरून ती तळहाताने सारखी करावयाची, मुलाची तर्जनी किंवा त्याच्या मुठीतली काडी धरून पंतोजींनी 'ओ ना मा सीधं' वळवून घ्यावयाचे, आणि अक्षर चुकले की फळी किंचित हलवून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा, हा आपल्याकडील अक्षरशिक्षणाचा प्राचीन विधी होय. याच फळीला धूळपाटी आणि तीवरच्या अक्षरांना धुळाक्षरे म्हणत. कागद दुर्मीळ होता आणि बोरू मुलाच्या हाती फार उशिरा पडे, म्हणून ही योजना झाली हे खरे. परंतु तिच्या पोटी जो लाभ होता तो केवळ काटकसरीचा नव्हता. धुळीत झालेली चूक मागे उरत नाही. मुलाचे बोट अक्षराच्या वळणावरून फिरते, ते वळण डोळ्यांच्या आधी हाताला कळते, आणि पुसून टाकण्याचे भय नसल्याने हात मोकळा राहतो. 1907 साली रोममधील सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले बालगृह उघडले आणि पुढे खरकागदाची अक्षरे मुलांच्या बोटांखाली दिली, तेव्हा जे तत्त्व शास्त्राच्या भाषेत जगापुढे आले, त्याचा ओबडधोबड पूर्वज आमच्या गावोगावच्या ओसरीवर फार आधीपासून नांदत होता.

मात्र त्या ओसरीचे गोडवे गाताना सत्य झाकू नये. धूळपाटीपुढे बसत ते बहुधा कुलकर्णी-देशपांड्यांच्या आणि सावकारांच्या घरचे मुलगे. मुलींना आणि वेशीबाहेरच्या मुलांना ती पायरी वर्ज्य होती. शिवाय धुळाक्षरे संपली की मुलाच्या स्वातंत्र्याचा काळही संपे. पुढे कित्ता गिरवावयाचा, पावकी-निमकी-दिडकी घोकावयाची आणि चुकले की छडी खावयाची. दफ्तर मोडीत चाले, पोथी देवनागरीत. त्या देवनागरीला आपल्या भाषेने 'बाळबोध' म्हणावे, बाळाला बोध व्हावा अशी लिपी असे तिचे कौतुक करावे, आणि बाळाला मात्र त्या लिपीत स्वतःचे एकही वाक्य लिहू देऊ नये, याचे मला नेहमी दुःख होते.

बालाघाटाची डोंगररांग ज्यातून जाते त्या बीड जिल्ह्याच्या मातीत अक्षराचे याहून उदात्त रूपही दिसते. अंबाजोगाई हे मराठी वाङ्मयाचे माहेरघर. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी तेथे आहे, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सांध्यावरील संतकवी दासोपंत तेथेच राहिले आणि 1615 साली तेथेच समाधिस्थ झाले. त्यांना लेखनासाठी रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, असे परंपरा सांगते. त्यांची पासोडी अद्याप तेथे जतन केलेली आहे: सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद असे जाडेभरडे कापड, आणि त्यावर पंचीकरणाचा विषय ओव्यांनी आणि आकृत्यांनी मांडलेला. पंचमहाभूतांपासून देहाची घडण कशी होते हा दुर्गम विषय कोष्टकांत आणि चौकटींत उतरवताना कवीने अक्षर आणि चित्र यांत भेद केला नाही. त्या वस्त्रासमोर उभे राहिले की डोळा आधी आकृतीकडे जातो आणि मग ओवीकडे वळतो. बालशिक्षणाचा ग्रंथ म्हणून ती कोणी लिहिली नाही, हे उघड आहे. पण लहान मूल कोळशाने भिंतीवर माणूस काढते आणि त्याच्याच पोटात आपले नाव लिहिते, तेव्हा मला त्या पासोडीचे स्मरण होते.

पुढे हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली गेला. सरकारी कागदांत बीडचे 'भीर' झाले आणि अंबाजोगाईचे 'मोमिनाबाद'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दरबारची जबान फारसीऐवजी उर्दू झाली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले, तेव्हा एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग स्वतंत्रपणे पाहिला असता गौरवास्पदच होता. परंतु मराठवाड्याच्या मुलावर त्याचा परिणाम निराळा झाला. तहतानियात, म्हणजे प्राथमिक शाळेत, मराठीची अक्षरे गिरवलेले मूल वस्तानियात आणि फौकानियात, म्हणजे माध्यमिक आणि उच्च शाळेत, शिरले की इतिहास, भूगोल, गणित सारे उर्दूतून समोर येई. घरी आईशी बोलावयाची भाषा एक, मुदर्रिसापुढे, म्हणजे शिक्षकापुढे, उत्तर द्यावयाची दुसरी. अशा मुलाला पाठांतर साधते, पण कल्पना सुचली तरी ती मांडावयाची कोणत्या शब्दांत, हा प्रश्न त्याच्या जिभेवरच अडखळतो. शिवाय खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी हवी. ती मागण्यासाठी अर्ज, अर्जावर चौकशी, आणि चौकशीत संशय.

अशा परिस्थितीत 1917 साली अंबाजोगाईत योगेश्वरी शिक्षणसंस्थेचा पाया घातला गेला, या घटनेचे मोल नुसत्या सनावळीने कळावयाचे नाही. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत तपश्चर्या केलेले स्वामी रामानंद तीर्थ 1935च्या सुमारास येथे आले आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह त्यांनी या शाळेला निराळे तेज दिले. 1938 साली स्वामीजी सत्याग्रहासाठी बाहेर पडले आणि त्यानंतरचा त्यांचा इतिहास हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास आहे. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपल्यानंतर राज्यकारभाराची भाषा बदलू लागली, शाळा वाढल्या, खडू-फळा गावोगाव पोहोचला.

पण शाळेत जावयाच्या आधीच्या मुलाचे काय, हा प्रश्न त्या काळी मराठवाड्यात फारसा कोणी विचारीत नव्हते. तो विचारला गेला होता पश्चिम किनाऱ्यावर. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, आणि वाड्यावस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दाचा जन्म हा असा आहे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे, आणि शिंपले, बिया, पाने, माती हीच तिची साधने असावीत, हा विचार माझ्या मते विसाव्या शतकातील महाराष्ट्राची एक थोर मिळकत आहे. 1975 साली एकात्मिक बालविकास योजनेने 'अंगणवाडी' हाच शब्द देशभर नेला. मात्र खिचडी आणि वजनकाटा पोहोचला तितक्या लवकर शिंपले आणि बिया पोहोचल्या नाहीत.

बीड जिल्ह्यात या विचाराची खरी कसोटी उसाने घेतली. पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणी, धारूर, केज या बालाघाटाच्या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ रकमेची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुले त्याच्या मागे. चार-पाच महिने पाचटाच्या कोपीत राहावयाचे, आणि परत यावे तो शाळेचे वर्ष सरलेले. यावर उपाय म्हणून कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या, आणि मुले आजीआजोबांजवळ गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आली. दोन्ही उपाय आवश्यक. पण भाकरीची आणि हजेरीची सोय झाली म्हणजे शिक्षण झाले असे मानण्याची चूक येथेही होते. या मुलांच्या डोळ्यांनी मोटारी, नद्या, परके जिल्हे, थंडीतल्या पहाटेचे फड पाहिलेले असतात, आणि त्यातले एकही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. सापडतो तो एक शब्द. मुळाक्षरांच्या तक्त्यावर 'ऊ'पुढे उसाचे चित्र असते.

अशाच एका गावी, हंगामाहून नुकत्याच परतलेल्या मुलांच्या अंगणवाडीत मी एका उन्हाळी सकाळी बसलो होतो. सेविकाबाईंनी तक्ता भिंतीला लावला होता. पाच-सहा वर्षांची एक मुलगी त्याकडे पाठ करून अंगणातल्या मऊ धुळीत बोटाने 'ऊ' काढीत होती. शेपूट दोनदा चुकले, दोन्ही वेळा तिने ते तळहाताने पुसले. तिसऱ्यांदा साधले, पण ती तेथे थांबली नाही. 'ऊ'च्या शेजारी तिने कांड्या काढल्या, कांड्यांच्या पुढे कोयता, कोयत्यामागे वाकलेली एक बाई, आणि बाईच्या पायाशी एक लहानसे गाठोडे.

"बाई, ही माझी माय. मोळी बांधायली," ती म्हणाली.

"आणि हे गाठोडं गं कशाचं?"

"ते मी. निजले."

सेविकाबाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या, त्यांनी काडीने त्या बाईच्या डोक्याशी 'माय' हा शब्द लिहिला, आणि ती काडी मुलीच्या हातात दिली. दुपारी मदतनीस ताई अंगण झाडावयास आल्या तेव्हा त्यांनी तेवढा चौरस सोडून भोवतीने झाडू फिरवला.