द्रविडोसॉरस

द्रविडोसॉरस ब्लॅनफोर्डी : तमिळनाडूतील उत्तर क्रेटेशस काळातल्या जीवाश्मांना पी. यादगिरी आणि के. अय्यासामी यांनी १९७९ मध्ये दिलेले नाव. पाठीवर अस्थिपट्ट आणि शेपटीवर काटे असलेल्या वनस्पतिभक्षक स्टेगोसॉर गटात त्यांनी हा प्राणी बसवला. तंजावूर राजवाड्याच्या उत्तरेला कोल्लिडम नदी ओलांडली की अरियलूर-पेरंबलूर भागात त्या काळाचे खडक उघडे पडलेले दिसतात. सिरनट्टम गावाजवळ कवटीचा भाग, दात, कटीची हाडे आणि पट्ट मिळाले. खडकाचे वय सुमारे ८.८ कोटी वर्षे. त्यात अमोनाइटांचे शंख आहेत, म्हणजे हा गाळ समुद्राचा.

पुराजीवशास्त्रज्ञ शंकर चटर्जी यांनी १९९० च्या दशकात ही हाडे प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपाची असल्याचे मत मांडले. प्लेसिओसॉरच्या कटीची हाडे रुंद आणि चपटी असतात. झिजलेल्या अवस्थेत ती पट्टांसारखी भासू शकतात. पीटर गॅल्टन आणि पॉल अपचर्च यांनी मात्र कवटी व पट्ट प्लेसिओसॉरचे नाहीत, असे २००४ मध्ये नोंदवले. या वादात खडक सागरी असल्याचा मुद्दा वारंवार पुढे येतो, पण त्याने निकाल लागत नाही. जमिनीवरच्या प्राण्याचे फुगलेले कलेवर नदीतून समुद्रात वाहत जाऊ शकते. तंजावूरच्या राजवाड्यात मांडलेला सांगाडा देवमाशाचा आहे हे त्याच्या हाडांवरूनच ठरते, जागेवरून नव्हे. तोच नियम इथे लागू होतो.

दुसरा आक्षेप काळाचा. स्टेगोसॉरचे बहुतेक अवशेष जुरासिक आणि पूर्व क्रेटेशस काळातले. यावर, इतर खंडांपासून तुटलेल्या भारतात हा गट मागे टिकला असेल, असे उत्तर दिले जाते. ते शक्य आहे. पण त्याचा पुरावा म्हणून हीच हाडे दाखवली, तर युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. जबलपूरच्या लॅमेटासॉरसचे उदाहरण विसरता येत नाही. चार्ल्स मॅटली यांनी तो चिलखती डायनोसॉर म्हणून वर्णिला. १९३५ मध्ये चक्रवर्ती यांनी त्यावर शंका घेतली, आणि त्यातली काही हाडे मांसभक्षकाची ठरली. म्हणून निर्णय दातापाशी आणि पट्टापाशी आहे. स्टेगोसॉरचा दात पानासारखा, कडेला दंतुर. प्लेसिओसॉरचा शंक्वाकार, टोकदार. पट्टाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर ते त्वचेत वाढलेले हाड आहे की कटीचे, हे तपासता येते. अशा पुराव्यावर हे वर्गीकरण उभे राहीपर्यंत कोशाने हे नाव जपावे, मात्र ‘स्टेगोसॉर’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे.